घाटाच्या पायथ्याचा धक्का

मुंबईहून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग कल्याण सोडताच आग्नेयेकडे वळतो आणि विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके घेत, उल्हास नदीच्या खोऱ्यातून सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या कर्जतला पोहोचतो. या पट्ट्यातील जमीन बहुतांशी सपाट असली, तरी येथून पुढे जाणाऱ्या प्रत्येक वाहनाला घाट चढायचा असतो. त्यामुळे सपाटीवर पुरणारे बळ चढाला पुरत नाही आणि ते कोठेतरी बदलून घ्यावे लागते, ही या प्रदेशाच्या दळणवळणाची जुनी अट आहे. बळ एका साधनाकडून दुसऱ्या साधनाकडे सोपवताना मधे जो क्षण जातो, त्या क्षणी धक्का बसतो. नव्या कोऱ्या ऑटोमॅटिक मोटारीत बसलेल्या माणसाला पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना जाणवणारा झटका हा त्याच धक्क्याचा आजचा अवतार असून, त्याचे निदान कसे करावे हा प्रश्न केवळ गॅरेजपुरता उरत नाही. त्याला दीडशे वर्षांहून अधिक काळाची पार्श्वभूमी आहे.

बदलापूर या नावाची लोकांत रूढ असलेली व्युत्पत्तीही याच अटीकडे बोट दाखवते. पूर्वी या मार्गाने जाणारे स्वार येथे थकलेले घोडे सोडून ताजे घोडे घेत, म्हणून ते बदलापूर, असे सांगितले जाते. लोकव्युत्पत्तीला पुराव्याचे वजन देता येत नाही, आणि गावांच्या नावांबाबत तर अशा कथा मागाहून रचल्या जाण्याची शक्यता नेहमीच असते. तरीही डोंगराच्या तोंडाशी असलेल्या गावाविषयी हीच कथा रुजावी, यात भूगोलाची नेमकी जाण आहे. घोडा बदलणे म्हणजे अंतर तेच ठेवून बळ नवे घेणे. गिअर बदलणे याहून वेगळे असते, कारण तेथे इंजिन तेच राहते आणि त्याच्या फिरण्याचा वेग चाकापर्यंत पोहोचताना कमी करून त्याबदल्यात चाकाला अधिक टॉर्क, म्हणजे आसाला पिळून फिरवणारे बळ, मिळवले जाते. मात्र दोन्हींमध्ये हस्तांतराचा क्षण टळत नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली आणि १८५६ मध्ये कल्याणपासून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंतचा मार्ग सुरू झाला, पण बोरघाट ओलांडायला १८६३ साल उजाडले. ३७ फुटांमागे १ फूट अशा चढाचा हा मार्ग एका इंजिनाच्या आवाक्याबाहेरचा होता, म्हणून घाटासाठी जादा इंजिने लावण्याची पद्धत पडली. ही इंजिने पुढे गाडीला मागून ढकलण्यासाठी कर्जतला लावली जाऊ लागली. त्यांना रेल्वेच्या भाषेत बँकर म्हणतात आणि आजही घाट चढणाऱ्या गाड्यांना ती जोडली जातात. बँकर जोडताना डब्यांच्या सांध्यांतून सरसरत जाणारा हादरा कर्जतच्या प्रवाशांना परिचित असतो, आणि चढावर पुढच्या व मागच्या इंजिनांनी एकाच वेळी जोर धरला नाही तर सांध्यांवर किती ताण येतो, हे रेल्वेच्या माणसांना सांगावे लागत नाही. दोन बळांची गाठ पडताना ती सारख्या वेगात असली पाहिजेत, हा नियम येथे लोखंडात लिहिला गेला; पुढे गिअरबॉक्सच्या प्रत्येक सुधारणेमागे हाच नियम दिसतो.

विजेवर चालणाऱ्या लोकल गाड्यांतही हस्तांतराचा धक्का होता. मुंबईत १९२५ मध्ये विजेची गाडी सुरू झाली आणि १९३० पर्यंत १,५०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचे जाळे पुण्यापर्यंत पोहोचले. डीसी लोकलमध्ये गिअर बदलण्याचा प्रश्न नसला, तरी गाडी सुटताना मोटारी एकामागे एक जोडलेल्या असत, वेग वाढल्यावर त्यांची समांतर जोडणी होई, आणि मधले रोध, म्हणजे प्रवाह अडवणारे भाग, टप्प्याटप्प्याने वगळले जात. हे काम मोटरमनच्या हाताखाली असले तरी बरेचसे आपोआप होई. उभ्याने प्रवास करणाऱ्यांना या टप्प्यांचे हलके झटके पायांतून कळत, आणि दांडी कधी घट्ट धरायची हे त्यांना सवयीने ठाऊक असे. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील डीसी प्रवाह २०१५ पर्यंत पूर्णपणे एसीत, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहात, बदलला गेला आणि मोटारींचा वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सलग वाढवणाऱ्या नव्या गाड्यांत हे टप्पे जवळजवळ लोपले. अंबरनाथ-बदलापूरच्या चाकरमान्यांच्या एका पिढीने धक्का देणाऱ्या यंत्राकडून धक्का न देणाऱ्या यंत्राकडे झालेला हा प्रवास स्वतःच्या शरीराने अनुभवला आहे; ऑटोमॅटिक मोटारीकडून असलेली त्यांची अपेक्षा या अनुभवातूनही घडली असावी.

रस्त्याची कथा वेगळ्या वाटेने गेली. बोरघाटातून चाकांची वाहने नेणारा रस्ता १८३० मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत खुला झाला, आणि विसाव्या शतकात त्याच रस्त्यावर मालमोटारी आल्या. त्या काळच्या गिअरबॉक्समध्ये दातेरी चाके एकमेकांत सरकवून गिअर टाकावा लागे. दोन चाकांचे वेग जुळले नाहीत तर दाते कर्रकन घासत. म्हणून चालक क्लच दाबून न्यूट्रल करीत, क्लच सोडून इंजिनाचा वेग जुळवीत आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकीत. याला ‘डबल क्लच’ म्हणतात. अर्ल थॉम्पसन या अमेरिकी अभियंत्याने विकसित केलेली सिंक्रोमेश ही रचना १९२८ मध्ये कॅडिलॅक मोटारींत आली. तीत दाते भिडण्याआधी घर्षणाची छोटी कडी दोन्ही बाजूंचे वेग जुळवून घेते. चालकाच्या कानात आणि पायात असलेले कौशल्य पितळेच्या एका कडीत उतरवण्याची ही सुरुवात होती.

पुढची पायरी तेलाची होती. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने जहाजांच्या टर्बाइनसाठी १९०५ मध्ये द्रवचलित जोडणीचे पेटंट घेतले. एकमेकांसमोर ठेवलेल्या दोन पात्यांच्या चक्रांपैकी पहिले इंजिनाने फिरते, ते तेल फेकते, आणि त्या तेलाच्या माऱ्याने दुसरे फिरते. दोहोंमध्ये लोखंडी गाठ नसल्याने धक्का तेलातच विरतो. या दोन चक्रांच्या मधे तेलाचा प्रवाह वळवून परत पाठवणारे तिसरे चक्र, ज्याला स्टेटर म्हणतात, बसवले की टॉर्क वाढतो, आणि त्या यंत्राला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये, १९४० च्या ओल्ड्समोबील मोटारींसाठी, द्रवजोडणी आणि चार गिअर यांची सांगड घालणारी हायड्रा-मॅटिक आणली. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली ही पहिली पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स. तिच्या विकासातही थॉम्पसनचाच मोठा वाटा होता. तिचे गिअर बदलताना झटके बसत. याउलट ब्यूकने १९४८ मध्ये आणलेल्या डायनाफ्लोत सर्व भार टॉर्क कन्व्हर्टरवर सोपवून गिअर बदलणेच टाळले होते. ती लोण्यासारखी चाले, पण वेग पकडायला आळशी होती आणि इंधन जास्त जाळी. मऊपणा आणि कार्यक्षमता यांची ही ओढाताण तेव्हापासून संपलेली नाही, आणि ऑटोमॅटिक गाडीविषयीच्या आजच्या कित्येक तक्रारींचे मूळ दोषात नसून या ओढाताणीत असते.

भारतात स्वयंचलित गिअरबॉक्सने केलेली पहिली संस्मरणीय कामगिरी प्रवासी मोटारीत झालीच नाही. अमेरिकी बनावटीच्या स्टुअर्ट एम-५ रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिने आणि हायड्रा-मॅटिक जोड्या बसवलेल्या असत. भारतीय सेनेच्या सातव्या लाइट कॅव्हलरीने १ नोव्हेंबर १९४८ रोजी असे रणगाडे झोजी ला खिंडीत, सुमारे साडेअकरा हजार फुटांवर, चालवून नेले. ज्या दुसऱ्या महायुद्धाने हे रणगाडे भारतात आणले, त्याच महायुद्धाने कल्याणजवळ एक विस्तीर्ण लष्करी छावणी वसवली होती. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जागा देण्यात आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या वस्तीला नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे क्रमांक आजही शहराच्या पत्त्यांत ‘कॅम्प नंबर’ म्हणून जिवंत आहेत. हाती भांडवल नसलेल्या माणसांनी वस्तू बनवून, जोडून, दुरुस्त करून उभे केलेले हे शहर आहे, आणि दुरुस्तीकडे उपजीविकेचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी त्याच्या पायातच आहे.

शेजारच्या अंबरनाथची ओळख शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिराने होत असली, तरी विसाव्या शतकातील अंबरनाथ हे कारखान्यांचे गाव होते. काडेपेट्यांच्या कारखान्यापाठोपाठ येथे संरक्षण खात्याचे कारखाने आले, आणि १९५३ मध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी सुरू झाली. मशीन टूल म्हणजे यंत्रे बनवणारी यंत्रे: लेथ, मिलिंग, दाते कापणारी यंत्रे. गिअरचा दाता मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबात कापला गेला नाही तर तो आवाज करतो आणि लवकर झिजतो, त्यामुळे अशा कारखान्यांत तयार झालेले फिटर आणि टर्नर यांत्रिक अचूकतेची भाषा गावात घेऊन आले. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात कंपन्या झाल्या, तेव्हा हा कारखाना आवडी येथील रणगाडा कारखान्याबरोबर आर्मर्ड व्हेईकल्स निगममध्ये गेला.

मोटारींचा कारखानाही फार दूर नव्हता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात १९४७ पासून गाड्या जोडायला सुरुवात केली, आणि पुढे कल्याणजवळही कारखाना काढला. १९९० च्या दशकात तेथे फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी करून ३०९ ही मोटार काही काळ बनली. या गाड्यांचे गिअर हातानेच बदलावे लागत. फियाट ११०० आणि तिची उत्तराधिकारी पद्मिनी यांत तर गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असे, आणि त्याच्या सांध्यांत ढिलाई आली की दुसरा गिअर शोधावा लागे. मुंबईच्या टॅक्सींमुळे हा आजार इतका परिचित होता की रस्त्याकडेचा मिस्त्री बॉनेट उघडून, हाताने दांडे हलवून, तो काही मिनिटांत बसवून देई. आवाज, वास आणि हाताला लागणारी ढिलाई या तीन साक्षींवर त्याचे निदान चाले: जळकट वास आला तर क्लचप्लेट, एकाच गिअरमध्ये घरघर असेल तर त्या गिअरचा दाता किंवा बेअरिंग, आणि न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबताच थांबला तर इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाकडून फिरणाऱ्या दंडाचे बेअरिंग. हे ज्ञान पुस्तकात फारसे आले नाही. गुरूकडून चेल्याकडे ते तोंडी गेले, आणि मराठीत त्याची नीट नोंद झाली नाही ही मोठी हानी आहे, कारण त्यात निदानाची शिस्त होती: आधी ऐकायचे, मग चालवून पाहायचे, आणि उघडायचे सर्वांत शेवटी.

फियाट ११०० च्याच काळात रेल्वेच्या डिझेल इंजिनांसाठी मनमोहन सुरी या भारतीय अभियंत्याने द्रवचलित आणि यांत्रिक अशा दोन्ही प्रेषणांचा मेळ घालणारी रचना शोधली, जी ‘सुरी ट्रान्समिशन’ म्हणून ओळखली गेली. गाडी सुटताना टॉर्क कन्व्हर्टर काम करी आणि वेग आल्यावर थेट यांत्रिक जोडणी होई. दोहोंमधले हस्तांतर ओढ न तुटता व्हावे, हे तिचे मर्म होते. तिचे उत्पादन पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकने केले, आणि सुरी यांना १९६२ चे भटनागर पारितोषिक मिळाले. आजच्या ऑटोमॅटिक मोटारीतील लॉक-अप क्लच, म्हणजे वेग आल्यावर टॉर्क कन्व्हर्टरची दोन्ही चक्रे जखडून टाकणारी तबकडी, याच समस्येचे उत्तर आहे. ज्या देशात प्रवासी मोटारींना ऑटोमॅटिक गिअर मिळायला आणखी काही दशके जायची होती, तेथे त्या गिअरचा मूळ प्रश्न रेल्वेसाठी आधीच सोडवला गेला होता.

मध्यमवर्गीय मराठी घरात आपोआप बदलणारे गिअर प्रथम आले ते दुचाकीतून. फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने १९७२ मध्ये आणलेल्या लुनाला गिअर नव्हते; वेग वाढला की केंद्रोत्सारी बलाने क्लचचे तुकडे बाहेर फेकले जाऊन आपोआप पकड घेत. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने त्यात पट्टा आणि दोन कप्प्या यांची भर घातली: वेगानुसार एका कप्पीचा व्यास वाढतो, दुसरीचा घटतो आणि गिअरचे प्रमाण पायऱ्यांशिवाय बदलत जाते. यालाच मोटारीत सीव्हीटी म्हणतात. या स्कूटरने सुटताना थरथर केली, तर क्लचच्या घर्षणपट्ट्या चकाकल्या आहेत किंवा कप्पीतले रोलर एका बाजूने झिजले आहेत, हे मिस्त्री सांगू शके. ऑटोमॅटिक मोटारीची दुरुस्ती हे सर्वस्वी परके शास्त्र मानले जाते, ते योग्य नाही. तिचे अर्धे तत्त्व गल्लीतल्या दुचाकी गॅरेजात तीस-चाळीस वर्षे हाताळले गेले आहे.

मोटारींत मात्र ऑटोमॅटिक गिअर दीर्घकाळ महागड्या गाड्यांपुरते राहिले. २०१४ मध्ये मारुती सुझुकीने सेलेरिओत एएमटी आणली आणि चित्र पालटले. एएमटी म्हणजे मूळची हाताने चालणारी गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही कामे संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रणा करते. स्वस्त असल्यामुळे ती झपाट्याने पसरली, आणि कल्याण-बदलापूर रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगांत तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको. परंतु एएमटीत गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि बसलेल्याचे डोके पुढे जाऊन मागे येते. हा दोष नव्हे, रचनेचा गुणधर्म आहे. गिअर बदलायच्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सैल केला की तो बराच कमी होतो, म्हणजे जुन्या चालकाचा पाय येथे पुन्हा उपयोगी पडतो.

नव्या गाडीच्या खडबडीत वागण्याचे निदान म्हणूनच गिअरबॉक्सचा प्रकार विचारण्यापासून सुरू होते. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्ये सम आणि विषम गिअरांसाठी स्वतंत्र क्लच असतात. त्यातील कोरड्या क्लचची जात उल्हासनगरच्या चौकांत अर्धा तास इंच-इंच सरकताना तापते आणि थरथरते, कारण चालक ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतो तीच घासण्याची अवस्था संगणक सतत टिकवून धरत असतो. उपाय साधा आहे: पुढे पुरेशी जागा होऊ द्यावी, मग नीट सुटावे, आणि चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर न धरता ब्रेकवर धरावी. सीव्हीटीत इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो, तो बिघाड समजून अनेकजण घाबरतात. उतारावर हँडब्रेक न लावता ‘पी’वर उभ्या केलेल्या गाडीला निघताना ठणका बसतो, कारण तिचे सारे वजन पार्किंगच्या एका छोट्या लोखंडी खुंटीवर रेललेले असते.

टॉर्क कन्व्हर्टरच्या आधुनिक गिअरबॉक्सची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. तिच्यात तेलाच्या दाबाने घट्ट होणारे क्लच असतात, आणि प्रत्येक क्लच भरायला किती क्षण लागतात, किती दाब द्यावा, हे नियंत्रक संगणक धावेगणिक मोजून आपले आकडे दुरुस्त करत राहतो. नवी गाडी पहिले काही आठवडे थोडी अडखळते ती या शिकण्यामुळे. काही गाड्यांत बॅटरी काढल्यास किंवा सॉफ्टवेअर नवे घातल्यास शिकलेले पुसले जाऊन अडखळणे परतते. पहाटे थंड तेल दाट असताना पहिल्या दोन गिअरांत बसणारा हलका झटका तेल तापल्यावर जात असेल तर काळजीचे कारण सहसा नसते. मात्र ‘डी’ किंवा ‘आर’ टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच न होता मग धाडकन पकड बसणे, इंजिन वर चढत जाऊनही गाडी न ओढणे, किंवा रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी सलग थरथर स्थिर वेगात येणे, ही खऱ्या बिघाडाची लक्षणे आहेत. पहिल्या दोन लक्षणांत तेलाची पातळी किंवा दाब, तिसऱ्यात लॉक-अप क्लच किंवा तेलाचा दर्जा आधी तपासावा लागतो. तेल कमी असणे जितके वाईट तितकेच ते जास्त असणेही, कारण फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात आणि फेसाला दाब धरता येत नाही. इंजिनाचे रबरी आधार सैल असले तरी हुबेहूब गिअरचा धक्का वाटतो, हे विसरले की चांगली गिअरबॉक्स विनाकारण उघडली जाते.

भारतात २०१० पासून टप्प्याटप्प्याने मोटारींना ओबीडी, म्हणजे वाहनातच बसवलेली बिघाडनोंदणीची व्यवस्था, सक्तीची झाली, आणि २०१३ मध्ये तिचा दुसरा टप्पा लागू झाला. मूळ हेतू धुरावर नियंत्रण ठेवण्याचा होता, पण त्या व्यवस्थेला उपकरण जोडण्याच्या खाचेतून गिअरबॉक्सचे बिघाडसंकेतही वाचता येऊ लागले आणि मिस्त्रीच्या हातातल्या पान्याशेजारी स्कॅनर आला. सत्ता येथे थोडी सरकली: कंपनीचे सॉफ्टवेअर ज्याच्याकडे, त्याच्याकडे अंतिम शब्द. स्वतंत्र गॅरेजवाल्यांची ही अडचण खरी आहे आणि तिची दखल घेतली जायला हवी. तरीही संकेतांक केवळ संगणकाने काय पाहिले ते सांगतो. धक्का थंड गाडीत की तापलेल्या, कोणत्या गिअरात, चढावर की सपाटीवर, एसी चालू असताना की बंद, हे मालकाने तारीख-वेळेसह लिहून नेले, तर वॉरंटीतल्या गाडीचे काम एका फेरीत होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. ‘गाडी झटका मारते’ एवढ्या वाक्यावर कोणताही मिस्त्री, जुना वा नवा, नेमके निदान करू शकत नाही.

या खोऱ्यात आणखी एक प्रश्न विचारणे भाग असते: गाडी पाण्यात उभी होती का? २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीने बदलापूर आणि परिसराला वेढले, आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून शेकडो प्रवाशांना बाहेर काढावे लागले. गिअरबॉक्सला तापल्यावर फुगणारी हवा बाहेर सोडण्यासाठी श्वासनळी असते. गरम गिअरबॉक्स पुराच्या पाण्यात अचानक थंड झाली की ती त्याच नळीने पाणी आत ओढू शकते. ऑटोमॅटिकच्या क्लचच्या घर्षणपट्ट्या पातळ असून त्या गोंदाने चिकटवलेल्या असतात. थोडे पाणीही त्यांना फुगवते आणि सोलते, आणि बिघाड पूर ओसरल्यावर कित्येक आठवड्यांनी, कोरड्या रस्त्यावर, झटक्याच्या रूपाने दिसतो. तेल गुलाबी दुधासारखे दिसू लागले की कारण स्पष्ट होते. म्हणून पावसाळ्यात नदीकाठी बुडालेली गाडी सुरू न करता टो करून न्यावी आणि गिअरबॉक्सचे तेल आधी पाहावे.